आधी अहिराणी, मग नाशिक

नाशिकरोड म्हणजे नाशिक नव्हे, हे मला पहाटे पाच वाजता स्टेशनाबाहेर उभं राहून कळलं. जून २०२२. अकोल्याहून रात्रीची गाडी, जनरलचा डबा, सोबत पत्र्याची पेटी आणि आईनं बांधून दिलेली पाच किलो तुरीची डाळ. रिक्षावाल्याला म्हणालो, "नाशिकले जायचं आहे." तो म्हणाला, "नाशिकमध्ये कुठं?" मी म्हणालो, "नाशिकमध्येच."

खरं गाव तिथून आठ-नऊ किलोमीटर आत आहे. तो हसला नाही, याचं मला आजही कौतुक वाटतं. म्हणाला, "द्वारकेला सोडतो, तिथून पुढचं बघा." पंचवटी आणि तपोवन ऐकून होतो, रामाच्या गावात द्वारका कुठून आली, असं मनात आलं. द्वारका हा एक चौक आहे आणि तिथं सगळ्या दिशांची वाहनं एकमेकांत शिरलेली असतात, एवढंच त्या दिवशी कळलं.

रिक्षात मागे तिघं, पुढे ड्रायव्हरच्या बाजूला मी अर्धा, माझ्या मांडीवर पेटी. इथे माणसाला 'सीट' म्हणतात. "एक सीट द्वारका, एक सीट!" मीटर असतो, पण तो चालू केलेला मी फार क्वचित पाहिला. पेटीचेही पैसे घेतले. घासाघीस करता आली असती हे नंतर कळलं. गावाकडे बैलाच्या बाजारात तासभर अडून बसणारे आम्ही, शहरात मात्र पहिल्या शब्दाला खिशात हात घालतो.

नोकरी अंबडच्या एमआयडीसीत होती. मेकॅनिकलचा डिप्लोमा, व्हीएमसी मशीनवर, म्हणजे धातू कापणाऱ्या कॉम्प्युटरच्या मशीनवर, ऑपरेटर, ठेकेदारामार्फत. ओळखीच्या एका मुलाकडे पाथर्डी फाट्याला नऊ दिवस जमिनीवर झोपलो आणि रोज शिफ्ट सुटल्यावर सिडकोत खोली शोधत फिरलो.

सिडको नावाच्या संस्थेनं वसवलेला म्हणून हा सगळा भागच सिडको. मूळ घरं बैठी, लहान, कामगाराला परवडतील अशी. पुढे ज्याच्या हातात पैसा आला त्यानं वर एक मजला चढवला, मग दुसरा, बाहेरून लोखंडी जिना लावला आणि वरच्या खोल्या आमच्यासारख्यांना दिल्या. गल्ल्या इतक्या सारख्या की तिसऱ्या दिवशी मी, आदल्या दिवशी जिथं नकार मिळाला होता, तेच दार पुन्हा वाजवलं. पत्ता सांगायची रीतही वेगळी. रस्त्याचं नाव कुणाला ठाऊक नसतं. "कितवी स्कीम?" हा पहिला प्रश्न, मग चौक, मग देऊळ, मग पिठाची गिरणी.

नकार तीन प्रकारचे मिळाले. "बॅचलरला देत नाही" हा उघड. "शिफ्टवाला नको, रात्री-बेरात्री गेट वाजतं" हा दुसरा, आणि तो मला पटलाही. तिसरा नकार कुणी तोंडानं देत नाही. नाव विचारतात, नाव सांगितलं की थांबतात, मग "आडनाव?" ते सांगितल्यावर "कळवतो" म्हणतात. एका घरी तर चहा होऊन, डिपॉझिट ठरून मग आडनावाचा प्रश्न आला, आणि पाचच मिनिटांत त्यांच्या पुण्याच्या भाच्याला तीच खोली लागणार असल्याचं त्यांना आठवलं. ज्या शहरात काळाराम मंदिराचं दार उघडावं म्हणून १९३० साली सत्याग्रह झाला, तिथं २०२२ मध्ये सिडकोतल्या वन आरकेचं दार आडनावावर अडावं. मला राग आला होता, पण जास्त थकवा आला होता.

नवव्या दिवशी त्रिमूर्ती चौकाच्या आतल्या एका गल्लीत एक बाई ओट्यावर बसून लसूण सोलत होत्या. वर खोली आहे का विचारलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "कोठला शे तू?"

मला आधी कळलंच नाही. अंदाजानं म्हणालो, "मूर्तिजापूर."

"जेवन व्हयनं का?"

हे मात्र कळलं. "नाई," म्हणालो. झालं नव्हतंच. आडनावाचा प्रश्न पोलिसांच्या भाडेकरू फॉर्मवर लिहायची वेळ आली तेव्हा आला, म्हणजे आठवड्यानं, आणि त्यांनी ते चष्मा लावून नीट उतरवून घेतलं, बस. भाडं ४,०००, डिपॉझिट १०,०००, लाइटला वेगळा सबमीटर, युनिटला दहा रुपये. अकरा महिन्यांचा करार. गेट अकराला बंद, पण सेकंड शिफ्टला सवलत.

मावशी पारोळ्याकडच्या. बाबा, म्हणजे त्यांचे यजमान, सातपूरच्या कंपनीत पस्तीस वर्षं नोकरी करून निवृत्त झालेले. दोघं घरात अहिराणीत, म्हणजे खानदेशच्या बोलीत, बोलतात. शेजारचे अमळनेरचे, तेही अहिराणीत. समोरचे सटाण्याचे, ते जरा वेगळ्या वळणाची बोलतात आणि मावशी त्यांच्या पाठीमागं त्यांची नक्कल करतात. कारखाने आले तेव्हा खानदेश आणि कसमादेतून (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) माणसं कामाला आली, इथेच राहिली, आणि अर्ध्या गल्लीनं आपापलं गाव सोबत आणलं. मी शहरात राहायला आलो होतो आणि पहिल्यांदा जी भाषा कानावर पडली ती मला येत नव्हती. बाहेर दुकानात, बँकेत, बसमध्ये सरळ मराठी, गल्लीत शिरलं की "पाणी उनं का?"

पाण्याचा हा प्रश्न पहाटेचा. नळाला पाणी आलं की मावशी खालून ओरडायच्या, "पाणी उनं!" आणि मी बादल्या घेऊन लोखंडी जिन्यावरून धडधडत उतरायचो. माझी नाशिकमधली पहिली शिकवणी हीच. उना, उनी, उनं.

कंपनीत उलट गंमत. तिथं माझी वऱ्हाडी कुणाला कळत नव्हती. मी सुपरवायझरला विचारलं, "हा इन्सर्ट काहून बदलला?" तर सगळी लाइन हसली. आमच्याकडे 'का'ला 'काहून' म्हणतात. 'काहून' महिनाभर माझं नाव होतं. "काहून, इकडे ये. काहून, व्हर्नियर दे." मी "करून राहिलो" म्हटलं की कुणीतरी मागून "राहा, राहा" म्हणायचं. पहिल्या पंधरवड्यात एका ऑफसेटच्या, म्हणजे मशीनला दिलेल्या मापाच्या, चुकीनं माझे चौदा जॉब, म्हणजे बनवलेले भाग, रिजेक्ट झाले. त्या दिवशी कुणी चेष्टा केली नाही. ते जास्त लागलं.

मग एका संध्याकाळी मावशींनी जिन्याखालून विचारलं, "काय करी ऱ्हायना रे?" आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. करी ऱ्हायना, करून राहिला. मी म्हणतो 'मले', त्या म्हणतात 'माले'. मी 'तुले', त्याही 'तुले'. प्रमाण मराठीवाल्यांना दोन्ही गावंढळ वाटतं, आणि दोन्ही एकमेकांना ऐकू येण्याइतकी जवळ आहेत. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी माझ्या वऱ्हाडीत बोलू लागलो आणि त्या त्यांच्या अहिराणीत. अडायचं फक्त भाजीच्या नावाला.

डबा आधी एका मेसचा लावला होता, दोन वेळचे २,६०० रुपये. पोळ्या बऱ्या, वरण मात्र असं पातळ की ताटात थांबायचं नाही. दोन महिन्यांनी मावशी म्हणाल्या, ते बंद कर, संध्याकाळचं माझ्याकडं. त्याचे पैसे त्या घ्यायच्या, रोखीनं, एक तारखेला. मला ते आवडायचं. शेवभाजी, डुबूक वडे, कळण्याची भाकरी, हिवाळ्यात भरीत. आईच्या तुरीच्या डाळीची फौजदारी डाळ करून त्यांनी पहिला घास बाबांना दिला आणि डाळ चांगली असल्याचं बाबांनी मान हलवून मान्य केलं.

बाहेरचं खाणं पटायला वेळ लागला. रविवारी मिसळ खायला जाणं हे इथं जवळजवळ कर्तव्य आहे. आमची सुटी शनिवारी, त्यामुळं मी गर्दी नसताना जाऊन यायचो. काळ्या मसाल्याचा रस्सा उत्तम. पण सोबत पापड आणि दही का देतात हे मला अजून उमगलेलं नाही. आमच्याकडच्या तर्री-पोह्यांची आठवण काढली की कंपनीतले लोक कपाळाला आठ्या घालतात. उलटा वडापाव मात्र पहिल्या घासाला पटला. पावाच्या पोटात भाजी, आणि अख्खा पाव बेसनात बुडवून तळलेला. थर्ड शिफ्टनंतर असा एक खाल्ला की दुपारपर्यंत झोप.

आता गंगेची गोष्ट. जुलै उजाडला होता. लेथवरचा एक जण उशिरा आला. का विचारलं तर म्हणाला, "सकाळी गंगेवर गेलतो." मी गप्प झालो. दुपारी डब्याच्या वेळी त्याच्या शेजारी बसून हळूच विचारलं, "कोण गेलं?" तो माझ्याकडे बघत राहिला. तो गेला होता भाजी घ्यायला. नाशिककर गोदावरीला गोदावरी फक्त शाळेच्या पेपरात लिहितात. बोलताना ती गंगा. गंगेवर दर बुधवारी बाजार भरतो, आणि कंपनीतली निम्मी घरं आठवड्याची भाजी तिथूनच आणतात. माझी चूकही अगदीच वेडगळ नव्हती म्हणा, रामकुंडावर दशक्रियेला येणारेही रोज असतात. एका हातात कोथिंबिरीची जुडी घेतलेला माणूस आणि डोकं भादरलेला माणूस तिथं एकमेकांना वाट देत चालतात.

त्याच महिन्यात पूर पाहिला. आमच्याकडे पूर येतो तो आपल्या डोक्यावर पडलेल्या पावसाचा. इथं सिडकोत नुसती भुरभुर चालू होती आणि मशीनवरची पोरं मोबाइलवर "किती क्युसेक सोडलं?" विचारत होती. पाऊस पडतो वर त्र्यंबकच्या डोंगरात, भरतं गंगापूर धरण, आणि दार उघडलं की गंगा गावात येते. मोजमाप मात्र आकड्यात सांगत नाहीत. रामकुंडाजवळ दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती आहे. पाणी त्याच्या पायाला लागलं, गुडघ्याला, कमरेला, असं बोलतात. मारुतीच्या कुठल्या अवयवापर्यंत पाणी चढलं यावर माझ्यासमोर दोन शहाण्यासुरत्या माणसांची जुंपली. शिफ्ट संपल्यावर आम्ही पाच जण बघायला गेलो. सगळा घाट पाण्याखाली, बुधवारच्या बाजाराची जागा कुठली ते ओळखू येईना, पुलावर कठड्याला माणसं चिकटलेली, आणि मध्ये तो मारुती. एक म्हातारे गृहस्थ २००८ च्या पुराची हकीगत सांगत होते. आजचं पाणी त्यांना काहीच वाटत नव्हतं. आम्ही शेंगा खाल्ल्या आणि परत आलो. मी घरी फोन करून आईला सांगितलं, मारुतीच्या कमरेला लागलं होतं. ती म्हणाली, "कोणत्या मारुतीच्या?"

ऑगस्टमध्ये गल्लीत कानबाई बसल्या. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरात हा सण असतो. नारळाला मुखवटा, डोळे, नथ, साडी, दागिने चढवून देवी मांडतात, रात्रभर गाणी, सोमवारी वाजतगाजत विसर्जन. मावशींकडे दोन दिवस आधीपासून मी राबत होतो. केळीचे खांब आणले, लाइटच्या माळा लावल्या, गिरणीत तीन चकरा मारल्या. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं गहू मोजून घेतात आणि त्याचे रोट करतात. मोजताना मी तिथंच उभा होतो. बाबांच्या नावाचे, मुलाच्या नावाचे, नातवाच्या नावाचे. माझ्याकडे बघून मावशी थांबल्या आणि सरळ म्हणाल्या की रोट हे भाऊबंदांनीच खायचे असतात, तुला चालत नाही. मग मला पुरणपोळी वाढली, त्यावर कडेपर्यंत तूप. मी खाल्ली. वाईट वाटलं का? थोडं. पण आमच्या घरच्या कुळाचारातही परक्याला न देण्याच्या गोष्टी आहेत, आणि त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत कानबाई डोक्यावर घेऊन बायका नाचत होत्या, आणि मावशींच्या गुडघ्याला त्या दिवशी काही झालेलं नव्हतं.

थंडीबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं. अकोला परिसरातल्या माणसाला उन्हाचं सगळं कळतं. थंडीचा अभ्यास नसतो. डिसेंबरात वरच्या पत्र्याच्या खोलीत पहाटे दात वाजायला लागले. निफाडला पारा किती खाली गेला हे पेपरात रोज छापून यायचं, जणू क्रिकेटचा स्कोअर. द्राक्षवाले शेतकरी बागेत शेकोट्या करतात हे कंपनीतल्या निफाडच्या पोरानं सांगितलं, आणि मला त्या द्राक्षांचा हेवा वाटला. पाणी तापवायचा रॉड आणला तर सबमीटरकडे बोट दाखवून मावशींनी तो जप्त केला. नंतर रोज सकाळी एक बादली गरम पाणी त्यांच्या बंबातून मिळायचं. युनिटचे दहा रुपये वाचले, की त्यांना माझं अंग शेकलेलं बरं वाटत होतं, याचा हिशेब मी लावला नाही. आईनं वाकळ पाठवली.

शनिवारची सुटी काय करायची हा प्रश्न बरेच दिवस होता. सगळ्यांचा रविवार असताना आपण कामावर, आणि आपण मोकळे तेव्हा जग कामावर. पाथर्डी फाट्याच्या पुढे पांडवलेणी आहेत, तिथं सकाळी चढायला जाऊ लागलो. चोवीस लेणी, पांडवांशी त्यांचा संबंध नाही, बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली. वरून खाली बघितलं की अंबडचे पत्र्याचे शेड, सिडकोची घरं, हायवे. रोज चढणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांशी ओळख झाली. त्यांनी एका शिलालेखापुढे उभं करून त्यातला मजकूर सांगितला. नहपान राजाचा जावई उषवदात, त्यानं ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, इथल्या गोवर्धन गावच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. २,००० वर महिना शेकडा एक, १,००० वर महिना शेकडा पाऊण व्याज. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून भिक्षूंना कपडालत्ता. म्हणजे कारागिरांच्या संघटनेवर राजघराण्याचा बँकेइतका भरवसा. आमच्या ठेकेदारानं त्या महिन्यात पगार अकरा दिवस उशिरा केला होता आणि पीएफचा आकडा स्लिपवर एक, खात्यात दुसरा होता. मी त्या अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिलो. माझं १०,००० चं डिपॉझिट मावशींकडे होतं, बिनव्याजी. ते कपाटात कुठल्या डब्यात आहे हेही मला माहीत होतं.

ठेकेदार पुढे मी बदलला. त्याची कथा लांब आणि कंटाळवाणी आहे.

मार्च २०२३. धुळवडीच्या दिवशी मी जुना शर्ट घालून, अंगाला तेल चोपडून, रंग घेऊन खाली उतरलो. गल्लीत कुणी नाही. बाबा पेपर वाचत होते. "काय रे हे?" म्हणाले. नाशिकला रंग धुळवडीला खेळत नाहीत. त्या दिवशी वीर निघतात. घरचे देवाचे टाक घेऊन, वाजवत-नाचवत गंगेवर नेऊन स्नान घालतात. जुन्या नाशकातली दाजीबा वीरांची मिरवणूक बघायला त्या तेल लावलेल्या अंगानं गेलो, फक्त शर्ट बदलून.

रंग पाच दिवसांनी, रंगपंचमीला. त्यासाठी जुन्या गावात रहाडी आहेत. रहाड म्हणजे चौकात दगडानं बांधलेला हौद, पेशवाईतला म्हणतात. वर्षभर तो बुजवलेला, वरून गाड्या जातात, तुम्ही त्याच्यावर उभं राहून पानपट्टी खाल्ली तरी पत्ता लागत नाही. रंगपंचमीच्या आधी उकरतात, साफ करतात, रंगाचं पाणी भरतात, पूजा करतात आणि मग माणसं त्यात उड्या मारतात. त्याला धप्पा म्हणतात. शनी चौकात गुलाबी, तिवंध्यात पिवळा. रंगपंचमी रविवारी आली होती, मी शनिवारची सुटी बदलून घेतली. कंपनीतले तिघं मला तिवंध्याला घेऊन गेले. गल्ली इतकी अरुंद आणि गर्दी इतकी की आपण चालत नसतो, आपल्याला नेलं जातं. काठावर पोचल्यावर मागून कुणीतरी ओरडलं, "काहून, मार धप्पा!" मी मारला. पाठीवर सडकून लागलं, नाकातोंडात रंग गेला, वर आलो तर काठावरची माणसं ओली झाल्याबद्दल मला शिव्या देत हसत होती. तो पिवळा रंग कानाच्या मागून आठवडाभर निघाला नाही. सोमवारी मशीनवर उभा होतो तर दुसऱ्या लाइनचा एक अनोळखी माणूस माझ्या कानाकडे बघून म्हणाला, "तिवंधा?" मी मान हलवली. तो त्याच्या कामाला लागला.

त्या दिवाळीनंतर आई पहिल्यांदा आली. मी तिला स्टेशनवर आणायला गेलो आणि "एक सीट"च्या भानगडीत न पडता बसनं नेलं. वाटेत तिला सांगून ठेवलं, मावशींची भाषा वेगळी आहे, नाही कळलं तर मला विचार. गल्लीत शिरलो तर मावशी ओट्यावर.

"ये वं माय, बठ आठे," त्या म्हणाल्या.

आई बसली. तिनं सूप ओढलं आणि डाळ निवडायला घेतली. "काय करून राहिल्या?" ते तर समोर दिसतच होतं. अर्ध्या तासानं मी खाली आलो तेव्हा दोघी माझ्याबद्दल बोलत होत्या. मी जेवताना भाजी काढून ठेवतो, आंघोळीला वेळ लावतो, पैसे साठवत नाही. एक वऱ्हाडीत सांगत होती, दुसरी अहिराणीत दुजोरा देत होती, आणि मी काही दुरुस्ती करायला गेलो तर दोघींनी एकदमच हातानं गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता. फर्स्ट शिफ्ट सुटून साडेतीनला घरी आलो तर खोलीला कुलूप. बाबा म्हणाले, "गंगावर गयात दोन्ही."

सहाला दोघी रिक्षातून उतरल्या. चार पिशव्या, एक कोहळं, वांगी भरीताची. रिक्षावाला पिशव्यांचे जास्तीचे दहा रुपये मागत होता. आई त्याला म्हणत होती, "काहून?"